अकरावा शेवट शोधणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गोष्टींच्या श्रेयनामावलीत आपलं नाव नको, असं तुम्ही आम्हा चौघांना बजावलंत. मान्य. म्हणून इथेही ते लिहीत नाही. पण आभारच मानायचे नाहीत, हे काही जमणार नाही. पत्र मी लिहितोय, तरी चौघांच्या वतीने समजा.

तुमचा पहिला फोन आला तेव्हा मी लिहिणं जवळजवळ सोडलं होतं. दिवसा दुकानाचे हिशेब आणि रात्री ट्वाइन, म्हणजे वाचकाच्या निवडीने वळणाऱ्या गोष्टी रचायचं सॉफ्टवेअर, असं माझं दीड वर्ष चाललं होतं. क्रिस क्लायमस यांनी २००९ साली हे ट्वाइन आणलं आणि फुकट वापरायला दिलं, त्यामुळे माझ्यासारख्याला गोष्ट रचणं शक्य झालं. एकेक प्रसंग चौकोनात लिहायचा, शब्दाला दुहेरी चौकटी कंस लावला की त्या शब्दाचं दार होतं, आणि वाचक ज्या दारातून जाईल तशी गोष्ट वळते. सगळी गोष्ट एका फाईलमध्ये मावते. ती फाईल मी ओळखीच्यांना पाठवायचो. कुणी ‘छान’ म्हणायचं, कुणाला मोबाईलवर ती उघडताच यायची नाही. एका संपादकांकडे घेऊन गेलो, तर त्यांनी ‘हा खेळ आहे, कथा नाही’ म्हणून परत दिली. ते फार लागलं होतं मला.

आणि मग तुम्ही. ना ओळख, ना पाळख. कुणीतरी पुढे पाठवलेली माझी मारबतीची गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली होती. पोळ्याचा दुसरा दिवस, नागपूरच्या इतवारीतली गर्दी, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवत नेतात ते दोन मोठे पुतळे, समोरासमोर येतात तो क्षण, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’चा गजर, आणि त्यात वाचकाच्या हातून सुटलेला धाकटा भाऊ. फोनवर तुमचं पहिलं वाक्य होतं, “अकरा शेवट आहेत असं लिहिलंय ना रे? मला दहाच सापडले.”

मी रात्री तपासलं. अकराव्याकडे जाणारी वाटच बंद होती. ती वाट कधी उघडेल हे ठरवणाऱ्या एका अटीत मी चूक केली होती, त्यामुळे तिथे कुणीच पोचू शकत नव्हतं. तो भाऊ एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर बसून मारबत बघतोय, एवढाच तो शेवट. त्याच्यासाठीच तर मी सगळी गोष्ट लिहिली होती. दहा वेळा पहिल्यापासून सुरू करून, अकराव्या वेळी माझी चूक गाठणारा वाचक मला मिळाला होता, ताई. पुढे जे जे झालं, ते मी त्या एका फोनपासून मोजतो.

त्यानंतरच्या रविवारी तर्री-पोह्याच्या गाडीवर तुम्ही आम्हाला पहिल्यांदा एकत्र आणलंत. कामठीची मैत्रीण चित्रं काढणारी, वर्ध्याहून पहाटेच्या गाडीने येणारा मित्र कोडिंगवाला, मानेवाड्याचे काका भुताच्या गोष्टीत मुरलेले. प्रत्येकाचे मूठभर वाचक, आणि कुणाचे वाचक दुसऱ्याला ठाऊक नाहीत. तुम्ही म्हणालात, वाचक वाटून घेतले की कमी होत नाहीत.

तुमचा नियम साधा होता. प्रत्येक गोष्टीच्या शेवटच्या पानावर दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीचं दार ठेवायचं. पण नुसतं दार नाही. ती गोष्ट स्वतः पूर्ण वाचायची आणि ती का वाचावी, हे आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहायचं. न वाचता लिहिलेली ओळ तुम्ही लगेच ओळखायचात. काकांच्या भुतांचे वाचक माझ्या इतवारीत आले ते या दोन ओळींमुळे. आता अनोळखी माणसं ‘पुढची कधी?’ विचारतात. हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता.

शिकणं मात्र त्याहून मोठं. माझी पहिलीच ओळ होती, ‘तू गर्दीत शिरलास.’ तुम्ही शांतपणे म्हणालात, “शिरलीस कुठे गेलं? मी दारातच अडले.” अर्धे वाचक मी पहिल्याच वाक्याला बाहेर ठेवले होते. ‘तुम्ही शिरलात’ करून बघितलं, पण माझी गोष्ट आई सांगते; आईच्या तोंडी लेकराला ‘तुम्ही’ कसं शोभेल? मग गच्चीवर बसून तुम्ही क्रियापदं मांडलीत. आज्ञार्थाला लिंग नाही: जा, बघ, धर. भविष्यकाळाला नाही: सापडेल, जाशील, विचारशील. आणि भूतकाळातसुद्धा कर्म असलं की क्रियापद कर्माच्या मागे जातं. ‘तू हात सोडलास.’ भाऊ असो की बहीण, वाक्य तेच. माझ्या गोष्टीचा गाभा असलेलं वाक्य आधीपासूनच सगळ्यांचं होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं. आता आईची सगळी वाक्यं तशीच आहेत.

दुसरी अडचण फुग्याची. पोराच्या हातात काय आहे हे वाचक निवडतो: फुगा, पिपाणी की तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. मी निवडलेल्या शब्दाला सरळ ‘ला’ जोडला, आणि पडद्यावर आलं ‘फुगाला’. इंग्रजीतल्या शिकवण्या बघून हे सुटत नाही, कारण तिथे सामान्यरूप हा प्रश्नच नाही. वर्ध्याच्या मित्राने प्रत्येक वस्तूची दोन रूपं साठवायची युक्ती काढली: फुगा आणि फुग्या, बैल आणि बैला, पिपाणी दोन्हीकडे पिपाणी. त्याच्या बदल्यात मी त्याच्या पात्रांना नागपुरी बोलायला शिकवलं. त्याचा रिक्षावाला आता ‘कुठं जाचं हाय?’ विचारतो.

इंग्रजीत इंटरॅक्टिव्ह फिक्शनची, म्हणजे अशा वाचकाच्या निवडीने वळणाऱ्या गोष्टींची, स्पर्धा १९९५पासून दरवर्षी भरते, आणि तिथले लेखक आपली गोष्ट आधी वाचून चुका शोधणाऱ्यांची नावं मानाने छापतात, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा नाव नको म्हणालात. यावर मला अजूनही तुमच्याशी भांडायचं आहे.

मेमधले ते रविवार आठवतात. ऊन चढायच्या आत, सकाळी सातला तुमच्या गच्चीवर जमायचो. तुम्ही माठाजवळ बसून कामठीच्या मैत्रिणीची गोष्ट मोठ्याने वाचत होतात आणि प्रत्येक दाराशी थांबून आम्हाला विचारत होतात, “कुठे जाऊ?” चौघं चार उत्तरं द्यायचो. तुम्ही चारही वाटांनी गेलात. दहा वाजले, गच्ची तापली, तरी कुणी उठलं नाही. आपण लिहिलेलं कुणी असं वाचतंय हे बघून ती रडली होती. तुमचं लक्ष वाचनात होतं, म्हणून आज सांगतोय.

काकांनी नवी गोष्ट पूर्ण केली आहे. चौदा शेवट आहेत म्हणतात. आम्हा तिघांना मिळून तेराच सापडले. येत्या रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
इतवारीतला भाऊ