नानास पत्र : बंद पडलेल्यांना कोण विचारणार?

जळगाव, रविवार

प्रिय नाना,

कसा शेस रे भो? तुझं मागचं पत्र टेबलावर कधीचं पडून आहे, त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी मनातलं लिहू दे. तब्येत ठीक. बीपी गोळीवर आहे, गुडघा जिन्यापुरता कुरकुरतो. झालं.

माझ्याकडं पीएच.डी. करणाऱ्या यावलच्या पोरीचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, परत आला. कुठून ते लिहीत नाही, तू ओळखशीलच. शेरे तीन. नमुना अपुरा, किमान 384 माणसांचा हवा. तपासून बघायची गृहीतकं नाहीत. आणि शीर्षकात ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा उद्योजकीय हेतू’ असं काहीतरी यावं. म्हणजे विषयच बदला! तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे, आणि हे ज्याला पूर्ण कळेल असा तूच आहेस. घरात सांगितलं तर म्हणतात, भरून टाका 384, काय बिघडतं?

काय बिघडतं ते तुला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला राहवतही नाही. तिचा प्रश्न साधा आहे. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीवर प्रक्रिया करणारी छोटी युनिटं निघाली, चिप्सची, भुकटीची, धाग्याची. त्यातली जी बंद पडली ती कशी बंद पडली? आता 384 कुठून येतो बघ. 1.96 चा वर्ग, गुणिले 0.5, गुणिले 0.5, भागिले 0.05 चा वर्ग. उत्तर 384.16. एखाद्या मोठ्या लोकसंख्येत किती टक्के लोक ‘हो’ म्हणतात ते 95 टक्के खात्रीनं, पाच टक्के इकडेतिकडे धरून सांगायचं असेल, तर एवढी माणसं लागतात. तीसुद्धा चिठ्ठ्या टाकून निवडलेली. क्रेजसी आणि मॉर्गनच्या 1970 च्या नमुन्याच्या तक्त्यात दहा लाखांच्या लोकसंख्येसमोर हाच आकडा आहे. हे सूत्र ‘किती’ विचारणाऱ्याचं. ‘कसं’ विचारणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून जमवलेले 384 म्हणजे ज्यांना वेळ होता असे 384. त्यांच्यावर हे सूत्र चालतच नाही.

शीर्षकात घालायला सांगितलेला तो ‘हेतू’ मोजायच्या प्रश्नावलीचं तर विचारू नकोस. मूळ सिद्धान्त चांगला आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. मानसशास्त्रज्ञ आयझेनचं 1991 चं म्हणणं असं की वृत्ती, आजूबाजूच्यांचा दबाव आणि ‘हे मला जमेल’ ही भावना यांतून हेतू बनतो, आणि हेतूतून वर्तन. लिन्यान आणि चेन यांनी 2009 मध्ये त्यावरून उद्योजकतेची मोजपट्टी केली. पण आपल्याकडे होतं काय? एकच पोरगा, एकाच बैठकीत, एकाच फॉर्मवर ‘मला धंदा आवडतो’लाही सातपैकी सात देतो आणि ‘मी धंदा करणार’लाही सात देतो. कारण आणि परिणाम दोन्ही त्याच्याच तोंडून, त्याच मिनिटाला. मग सहसंबंध येणारच! अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, 0.70 च्या वर गेला की सगळे खूश. अरे, एकच वाक्य चार वेळा फिरवून विचारलं तर अल्फा चढेल नाही तर काय होईल? तीन वर्षांनी त्यातल्या किती जणांनी खरंच दुकान टाकलं, हे बघायला पुन्हा कोणी जात नाही. सिद्धान्ताचा कस तर तिथंच लागतो.

तू आता म्हणणार, “बापू, मग आठ-दहा युनिटांवर पीएच.डी. मिळते का?” मिळते, नाना. संशोधक आयझेनहार्टबाईंनी 1989 मध्ये लिहून ठेवलंय की अभ्यासायची प्रकरणं, म्हणजे केसेस, चार ते दहा असली की सिद्धान्त बांधण्यापुरतं साहित्य हाती येतं. अट एकच, ती चिठ्ठ्या टाकून घ्यायची नाहीत, विचार करून निवडायची. पोरीनं पाच जोड्या लावल्यात. प्रत्येक जोडीत एक बंद, एक चालू, आणि दोन्ही साधारण एकाच वर्षी, सारख्या कर्जावर, सारख्याच मालावर निघालेली. फरक कुठं पडला ते असंच दिसतं. नुसती बंद घेतली असती तरी फसली असती, नुसती चालू घेतली असती तरी.

नुसती चालू घेण्याची आपल्याकडे फार खोड. कुठलाही प्रबंध उघड, पहिल्या प्रकरणात अमळनेर. 1945 ला तिथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढं त्याचं विप्रो झालं, गावातल्या लोकांकडं शेअर होते. अभिमानाची गोष्ट आहे, कोणी नाही म्हणत नाही. पण त्याच काळात आपल्या भागात तेलाच्या इतर ज्या गिरण्या होत्या, त्यांचं पुढं काय झालं? त्यांच्या मालकांकडं जिद्द नव्हती का? संशोधक डेनरेलनं 2003 मध्ये हेच दाखवलं, की अपयशी माणसं नमुन्यातून गळली की धोक्याची वाट यशाची वाट वाटायला लागते. वर्गात मी हिशेब असा मांडतो. समज 40 युनिटं निघाली, 10 टिकली. टिकलेल्या दहांतले आठ म्हणतात, “आम्ही घर गहाण ठेवून उडी घेतली.” लगेच निष्कर्ष निघतो, उडी घेणारा जिंकतो. आता बंद पडलेल्या तिसांकडे जा. त्यांतल्या 24 जणांनीही घर गहाण ठेवलं होतं. तिथंही 80 टक्के, इथंही 80 टक्के. उडीनं काहीच ठरलं नाही. पण ते 24 जण कुठल्याच प्रबंधात नाहीत.

आणि उद्योजकतेच्या अभ्यासक, तुझ्या लाडक्या सरस सरस्वतीबाईसुद्धा यातून सुटत नाहीत, रागवू नकोस. 2001 चा त्यांचा लेख मी आजही पहिल्याच महिन्यात वाचायला देतो. हातात काय आहे तिथून सुरुवात करायची, किती मिळेल यापेक्षा किती बुडालं तर चालेल ते आधी ठरवायचं. केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पण त्यांनी 27 अनुभवी संस्थापकांना एक काल्पनिक धंदा देऊन मोठ्यानं विचार करायला लावला होता, आणि ते सगळे मोठं यश मिळवलेले. म्हणजे जाणती माणसं विचार कसा करतात ते कळलं. तसा विचार केल्यानं माणूस टिकतो का, हे त्यातून कळत नाही. बंद पडलेला युनिटवालाही हातातल्यापासूनच निघाला असेल. पोरीच्या कामातून हेच तपासता येईल, म्हणून माझा जीव तुटतो.

उद्योजक म्हणायचं कुणाला यावरचं आपलं ते जुनं भांडण आठवतं का, स्टेशनसमोरच्या हॉटेलातलं, मोठ्या सरांनी उठून दोघांचं बिल दिलं होतं ते? अर्थशास्त्रज्ञांत तू कर्झनरच्या बाजूनं, मी शुम्पीटरच्या. तू म्हणायचास, रावेरचा व्यापारी दिल्लीचा भाव आणि इथला भाव यातली फट बघतो आणि गाडी भरतो, तोच खरा उद्योजक. मी म्हणायचो, फट बघणारा बाजार सपाट करतो. टिश्यू कल्चरचं रोप, ठिबक आणि ठिबकातून खत असं नवीन जुळवून आणणारा बाजारच बदलतो. शुम्पीटरचे नावीन्याचे पाचही प्रकार मी बोटांवर मोजून दाखवले होते. नवा माल, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत, नवी संघटना. अजूनही माझंच बरोबर होतं असं मला वाटतं. पण या पोरीनं मला एक कोडं घातलं. जैन इरिगेशनच्या भवरलाल जैनांनी 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम काढायला लागले. तिनं विचारलं, “सर, पपेनवर सगळे लिहितात. त्याआधी त्या कारखान्यात भुकटी का चालली नाही, हे कोणी लिहिलंय?” नाना, माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुझ्याकडं आहे?

काम अवघड आहे, हे तिलाही कळतं. बंद युनिट शोधायचं कसं? जिल्हा उद्योग केंद्राच्या यादीत निघालेली सापडतात, मेलेली नाही. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, जुलै 2020 पासूनची, त्याआधीचं उद्योग आधार वेगळं. मालक धंदा बंद झाला म्हणून नोंदणी रद्द करायला जात नाही. बँक थकबाकीदाराचं नाव देणार नाही, आणि देऊही नये. मी तिला दोन वाटा सांगितल्या. एक, कायमची तोडलेली औद्योगिक वीजजोडणी. गावच्या वायरमनला शेड न् शेड ठाऊक असतं. दुसरी, जुनी यंत्रं घेणारे. युनिट बंद पडलं की काप करायचं यंत्र, कढई, तेल निथळायचं यंत्र, पाकीटबंद करायचं यंत्र कुठंतरी विकलं जातंच. त्या यंत्राच्या मागं मागं गेलं की पहिला मालक सापडतो. कधी एकच कढई दोन-तीन मालक फिरून आलेली असते, म्हणजे एका धाग्यात तीन युनिटं. मात्र या वाटेनं फक्त यंत्र विकलेले भेटतात. शेडमध्येच गंजत ठेवलेले वायरमनकडून घ्यायचे. म्हणून दोन्ही वाटा लागतात.

मग मुलाखत. ‘तुमचं अपयश’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘का बंद पडलं’ हेही पहिल्या भेटीत नाही. ‘का’ विचारलं की माणूस सरकारला किंवा नशिबाला पुढं करतो. तारखांपासून सुरू करायचं. कर्जमंजुरीचं पत्र, पहिलं वीजबिल, पहिला माल कुणाला दिला, शेवटचा पगार कधी झाला. कागद समोर असला की आठवण सरळ चालते. अमेरिकेतल्या आयोवातल्या संकरित मक्यावरचा रायन आणि ग्रॉसचा 1943 चा अभ्यास तुला पाठच आहे, 259 शेतकरी, दोन सोडून सगळ्यांनी बी घेतलेलं. तिथंही कोणी कुठल्या वर्षी घेतलं हे आठवणीवरच होतं. आपण कागद लावला तर तेवढं पुढं जाऊ. मालकाच्या बायकोशी वेगळं बोलायचं, कारण पाकिटं तिनंच भरलेली असतात आणि माल परत आल्यावर पहिल्यांदा तिनंच मोजलेला असतो. अहिराणीत बोलले तर अहिराणीतच उतरवायचं आणि मुलाखतीतल्या मुद्द्यांना सांकेतिक नावं त्यांच्याच शब्दांतून द्यायची. भाषांतर सगळ्यात शेवटी. तासाभराच्या मुलाखतीला उतरवायला पाच-सहा तास धरायचे, अहिराणीला जास्तच.

पहिल्या बोलण्यांतून एक गोष्ट पुढं आलीच आहे. केळीला भाव चढला की शेतकरी गाडी उत्तरेला भरतो, युनिटला कच्चा माल महाग पडतो. भाव पडला की माल स्वस्त, पण मग शेजारी आणखी चार कढया पेटतात. शिवाय चिप्सला केळी कच्चीच लागते. दोन दिवस वीज नसली की आणलेला माल पिकून जातो. अर्थशास्त्रज्ञ नाइटचा 1921 चा फरक, मोजता येणारी जोखीम वेगळी आणि मोजता न येणारी अनिश्चितता वेगळी, इथं मुलांना लगेच कळतो. केळीच्या बागेचा हवामानावरचा विमा निघतो, कारण तापमान मोजता येतं. चिप्सच्या गिऱ्हाइकाचा विमा कोण काढणार?

आणि एक, यावर तू माझ्याशी भांडशीलच. बेकर आणि नेल्सन यांनी 2005 मध्ये 29 छोट्या धंद्यांत पाहिलं की हाताशी असेल त्यावर भागवणारा तगतो, पण जो सगळीकडं सदासर्वदा तसंच भागवतो तो वाढत नाही. निवडून एखाद्या ठिकाणीच तसं करणारा वाढतो. आपण जुगाडाचे फार गोडवे गातो. एका बंद युनिटात बर्नर, कढई, वायरिंग, पॅकिंग सगळं घरचं बनवलेलं होतं. मालक दिवसभर दुरुस्तीत, विकायला जाणार कोण? हे पाचही जोड्यांत दिसतं का ते बघायचंय.

आता तुझ्याकडून काय हवंय ते. नियमाप्रमाणे तिला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. कोर्सवर्कचे 12 क्रेडिट झालेत. पुढच्या सत्राच्या बैठकीआधी सिनॉप्सिस नव्यानं द्यायचाय. शीर्षक बदलायचं नाही असं मी तिला सांगितलंय, पण पद्धतीचं प्रकरण इतकं घट्ट हवं की 384 चा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर तिथंच मिळावं. ते प्रकरण तू वाच. आपल्यात समीक्षक तूच कडक. आणि धुळ्याचा तुझा तो जुन्या यंत्रांवाला अजून धंद्यात असेल तर त्याच्याशी तिची गाठ घालून दे. उन्हाळ्यात बारा ते चार तिला कोणाच्या दारात उभं करू नकोस, एवढं बघ.

तुझं: नातीचं बारसं झालं हे मामांकडून कळलं, आनंद वाटला, नाव कळव. बोअरला पाणी लागलं का? शेत विकायचा विचार सोड, मी आधीही सांगितलंय. धाकट्याला पुण्यातच राहायचं असेल तर राहू दे. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्याआधी उरकून घ्या.

प्रकरण टपालानं पाठवतोय, मोबाइलवर तू वाचत नाहीस. समासात लाल शाईनंच लिही, पेन्सिलचं तिला वाचता येत नाही.

तुझा,
बापू

ता. क. कर्झनरवर उत्तर लिहायचं असेल तर वेगळ्या कागदावर लिही. पोरीच्या प्रकरणावर नको.