आबांचा हात आणि ओढ्याकाठचे आठ गुंठे

पुणे, रविवार

प्रिय सुन्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझा आवाज भरून आला आणि मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. आबांना अर्धांगाचा झटका आला, त्यावर मूळपेशींच्या (स्टेम सेलच्या) इंजेक्शनसाठी ओढ्याकाठचे आठ गुंठे विकायला काढायचे म्हणालास. थोडं थांब.

गुठळीनं मेंदूची शीर बंद झाली की पलीकडचा भाग प्राणवायूवाचून तडफडतो आणि तडफडतानाच रक्तात सांगावा धाडतो. तो हाडांतल्या मज्जेला पोचला की तिथून शिरांची डागडुजी करणाऱ्या पेशी रक्तात उतरतात. मोठ्या माणसाच्या रक्तात अशा पेशी असतात, हे आसाहारा आणि इस्नर या संशोधकांच्या गटानं १९९७ साली दाखवलं. त्या पेशी मी स्वतः लॅबमध्ये वाढवल्यात रे. पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं, तर मधोमध गोल पेशींचा दाट पुंजका आणि भोवतीनं चातीसारख्या निमुळत्या पेशी पसरलेल्या. स्पेनमध्ये असाच झटका आलेल्या ४८ जणांच्या रक्तातून वाढवलेले हेच पुंजके मोजले होते. पहिल्या आठवड्यात ज्यांचे पुंजके वाढले, ते तीन महिन्यांनी जास्त सावरलेले दिसले.

यावरून वाटतं, बाहेरून पेशी घातल्या की झालं! मलाही वाटलं होतं. पण यातल्या बऱ्याच पेशी स्वतः शीर बनतच नाहीत, शेजारच्या पेशींना वाढीची रसायनं पुरवतात. शिवाय आपल्याच देशात पाच केंद्रांत १२० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना त्यांच्याच मज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. २०१४ साली निकाल आला: अपाय नाही, पण सहा महिन्यांनी फरकही नाही. इंजेक्शनचे पैसे घेणाऱ्या त्या डॉक्टरांना या चाचणीबद्दल विचार. काय सांगतात ते मला कळव.

आबांची विडी मात्र आजपासून बंद. विडी आणि वाढलेली साखर, दोन्ही या पेशींना मारक. कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपीची गोळी चुकवू नका. फिजिओथेरपीवाला रोज येऊ दे, खर्च तिथे कर. परवा त्यांनी उजव्या हातानं शर्टाचं एक बटण लावलं म्हणालास ना? उरलेली कुणी लावून देऊ नका, अर्धा तास लागला तरी चालेल.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतोय. काकूंना सांग, जेवायलाच आहे.

तुझा,
विकास