‘इथे कोण झोपतं?’ असं आधी विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात त्याला तीन आठवडे झाले. तेव्हा धड आभारही मानले नाहीत, कारण तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

तुम्हाला कपाटामागची, हिरवी बुरशी चढलेली भिंत दाखवायला बोलावलं होतं. तुम्ही उंबऱ्यातच थांबलात, खोलीभर नजर फिरवलीत आणि विचारलंत, “इथे कोण झोपतं?” मी म्हटलं, मुलगी, सहा वर्षांची. “मग तिला आधी दुसऱ्या खोलीत न्या. उशी-पांघरूणही न्या आणि दार लावून घ्या. कपाट मी त्यानंतर हलवतो.”

एवढंच. पण तुमच्याआधी तीन जण त्या खोलीत येऊन गेले होते, काका, आणि एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता.

पहिला रंगारी. “शेवाळ आहे, खरवडून टाकतो,” म्हणाला आणि कोरडी भिंतच पत्र्याने खरवडायला लागला. मुलगी पलंगावर चित्र काढत बसली होती. तिच्या वहीवर हिरवट भुकटी पडत होती आणि ती फुंकर मारून उडवत होती. मी दारातच उभी होते, फोनवर बोलत. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. दीड महिन्यात नव्या रंगाला फुगे आले आणि ठिपके जागच्या जागी हजर. दुसऱ्याने दोन मिनिटं भिंतीकडे पाहून अख्खी बाहेरची बाजू फोडायचा हिशेब मांडला. तिसरा तर दिलासा देऊन गेला: “हिरवी आहे ना, मग काळजी नको. काळी असती तर विषारी.”

हे ऐकून तुम्ही हसलात. म्हणालात, पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस, क्लॅडोस्पोरियम, बुरशीच्या या सगळ्याच प्रकारांत हिरव्या छटा असतात; नुसत्या रंगावरून जात ओळखता येत नाही. “आणि ओळखून करायचंय काय? काढायची तर आहेच.” शेवाळाला उजेड लागतो, कपाटामागे तो कुठून येणार? लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा क्षार असता, तर ओल्या बोटाने विरघळला असता. इथे नुसता हिरवा फराटा उठला.

मग तुम्ही प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी कडांनी भिंतीवर चिकटवलात. “दोन दिवस याला हात लावू नका. बाकी सगळं रोजच्यासारखं चालू द्या.” दोन दिवसांनी पाहिलं तर थेंब सगळे आमच्या बाजूला, भिंतीकडची बाजू ठणठणीत कोरडी. म्हणजे भिंत गळत नव्हतीच. खिडक्या लावून त्याच खोलीत ओले कपडे वाळत घालणाऱ्या आम्हीच ते पाणी आणत होतो, आणि गार भिंतीला टेकलेल्या कपाटामागे ते साठत होतं. माझा चेहरा उतरलेला पाहून तुम्ही म्हणालात, “घरात माणसं राहतात, श्वास घेतात, आंघोळी करतात. वाफ होणारच. तिला बाहेर जायला वाट द्यायची.” त्या भिंतीबद्दल माझ्याशी न ओरडता, न घाबरवता बोललेले तुम्ही पहिलेच.

नाही म्हणायला एकदा आवाज चढवलात. माझ्या एका हातात ब्लीच आणि दुसऱ्या हातात व्हिनेगर पाहून. त्या दोघांतून क्लोरीन वायू निघतो हे मला खरंच ठाऊक नव्हतं. शेवटी लागलं ते साबणाचं पाणी, मास्क आणि भरपूर घासणं. मेलेली बुरशीही त्रास देते, म्हणून मारून सोडायची नाही, पुसून काढायची, हे तुमचं वाक्य मी आता ओळखीच्या प्रत्येकाला ऐकवते.

मुलीचा खोकला त्या भिंतीमुळेच होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलेलं नाही. पण रात्री उठून तिची पाठ चोळणं थांबलंय. कामात तरबेज माणसं पुष्कळ भेटतात हो. कामाच्या आधी त्या घरातलं माणूस दिसणारी किती भेटतात? तुम्हाला त्यात काही विशेष वाटलंही नसेल, आणि मला तेच जास्त भिडलंय.

कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे आहे. येणारा प्रत्येक जण ते मागे ढकलू पाहतो. तुम्ही सांगितलेलं आर्द्रतेचं मीटरही आणलं. आकडा ६० च्या खाली ठेवा म्हणाला होतात; काल रात्री ५४ होता. वाचायचं काम मुलीकडे आहे. वाचून झालं की ती त्या फटीत शिरते, भिंतीला नाक लावते आणि आतूनच ओरडते. कालचा निरोप असा: “आजोबांना कळव, वास नाहीये.”

तुमची आभारी,
हिरव्या भिंतीच्या घरातली