माळढोकाच्या वाटेतल्या तारा

महोदय,

भरतपूर आणि जैसलमेर अशी पक्षिनिरीक्षणाची सहल करून नुकतीच परतले. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत आम्हाला फिरवलं ते एका सायकलरिक्षावाल्यानं. बाभळींवरची चित्रबलाकांची घरटी, ढोलीतला पिंगळा, सगळं तो दुर्बिणीशिवाय दाखवत होता. सहल कंपन्यांनी अशा स्थानिक जाणकारांनाच काम द्यावं.

पण लिहायचं आहे ते थरच्या वाळवंटाविषयी. राष्ट्रीय मरू उद्यानात सुदासरीच्या गवतात दूरवर माळढोक चालताना दिसला आणि माझे डोळे भरून आले. मी सोलापूरची. याच पक्ष्यासाठी नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं, आणि आज तिथे तो दिसणं जवळपास संपलं आहे.

जैसलमेर परिसरात जिकडेतिकडे पवनचक्क्या आणि उच्चदाबाच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही. शिवाय १५ किलोपर्यंतचं अंग हवेत चटकन वळत नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते. तारेला आपटून गेलेला पक्षी मग भरून निघायचा कसा?

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. सौर आणि पवनऊर्जा हवीच, पण माळढोकाच्या मुख्य अधिवासातल्या तारा तरी आधी जमिनीखाली जायला हव्यात. आपल्या वृत्तपत्राने याचा पाठपुरावा करावा, नान्नजच्या माळरानासकट.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर