रक्तात टीबी शोधू नका, बेडका नीट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खोकला दोन आठवडे हटला नाही की 'रक्त तपासून टाका, टीबी असेल तर कळेल' असा सल्ला अजूनही कानावर येतो. क्षयरोगाच्या निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने (आयजीजी, आयजीएम, आयजीए), तपासू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्येच बजावले. जून २०१२मध्ये केंद्र सरकारने अशा किटचे उत्पादन, आयात, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली.

कारण साधे आहे. आपल्याकडे असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात, कुणाचा जुना क्षय बरा झालेला असतो. प्रतिपिंडे त्यांच्यातही सापडतात. उलट एचआयव्हीबाधितांमध्ये आजार असूनही ती पुरेशी तयार होत नाहीत. म्हणजे एकाला नाहक सहा महिने गोळ्या आणि दुसरा रुग्ण घरी परत!

'टीबी गोल्ड' ही रक्ताचीच, पण वेगळी तपासणी. तिच्यावर बंदी नाही. ती प्रतिपिंडे मोजत नाही, क्षयाचे जंतू ओळखणाऱ्या रक्तपेशींनी सोडलेले इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन मोजते. पण तीही फक्त संसर्ग सांगते, आजार नाही. रुग्णाच्या घरातल्यांना प्रतिबंधक औषध द्यायचे का, हे ठरवायला ती ठीक.

फुफ्फुसाच्या क्षयासाठी बेडकाच हवा. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्याउठल्या. साध्या पाण्याने चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला २ ते ५ मिली. निव्वळ लाळ दिली तर आजार असूनही अहवाल 'निगेटिव्ह' येऊ शकतो. बेडका उघड्यावर, माणसांपासून लांब काढावा. डबी उन्हात राहिली तर इतर जंतू वाढतात आणि कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) वाया जाते. सूक्ष्मदर्शकाला एका मिलीत साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात, म्हणून त्यावर न थांबता जंतूची जनुके शोधणारी सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट तपासणी करावी. सरकारी केंद्रात ती मोफत होते आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद न देणारा क्षयही तिच्यात कळतो. सीबीनॅटला तर जेमतेम दोन तास लागतात.

मानेच्या गाठीत किंवा मणक्यात क्षय असेल तर नमुना तिथलाच घ्यावा लागतो. इथे शस्त्रक्रियागृहात एक चूक हमखास होते: काढलेला सगळा तुकडा फॉर्मॅलिन या टिकवण्याच्या द्रावणात टाकतात. त्यात जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा ठेवा, असे रुग्णाच्या नातेवाइकांनी शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगून ठेवावे.

– एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, सांगली