फिरकी, चमचा आणि पाण्याचा वेग

रेडमंड, वॉशिंग्टन
८ जानेवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. स्टीलहेड माशासाठी कोणत्या रंगाचा स्पिनर (फिरत्या पात्याचं धातूचं आमिष) घेऊ, एवढंच विचारलं आहेस. दुकानात भिंतभर टांगलेला तो लखलखाट बघून प्रत्येकाला आधी रंगच सुचतो. ती भिंत मुळात माणसं गरवायलाच असते. रंगाचं सांगतो, पण मागाहून. या माशाच्या बाबतीत आधी वेग, मग खोली, आणि उरलं तर रंग.

हिवाळी स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून नदीत परतलेला रेनबो ट्राउट. नदीत शिरल्यावर तो फारसं खात नाही आणि थंड पाण्यात अंगही आखडून असतो. नाकासमोरून काही सावकाश लचकत गेलं तर फटकारतो, पण त्याच्यामागे धावत नाही. खाडीत जिताड्यासाठी जिवंत कोळंबी लावून तू जसा बैठक मारायचास, तसं इथे चालायचं नाही. इथे आमिष फिरतं आणि त्याच्यामागून आपणही नदीकाठानं खाली सरकायचं.

सामान थोडंच लाग‍तं. साडेआठ ते साडेनऊ फुटांचा, ८ ते १२ पौंडांच्या दोरीसाठीचा स्पिनिंग रॉड. ३००० नंबरचं रीळ. त्यावर २० किंवा ३० पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढे चारेक फूट १२ पौंडांचा मोनोचा (एकपदरी नायलॉनचा) लीडर, म्हणजे आमिषाकडचा शेवटचा तुकडा. स्पिनरच्या आधी लहान बॉल-बेअरिंग स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी, हवाच, नाहीतर तासाभरात दोरीला पीळ पडून रिळावर जटा होतात. चमच्याला, म्हणजे फिरतं पातं नसलेल्या बाकदार धातूच्या आमिषाला, जड स्नॅप-स्विव्हल लावू नकोस, त्याची लचक मरते. लहान साधा स्नॅप, म्हणजे उघडझाप होणारी कडी, पुरे. आणि चमच्याच्या भोकात दोरी थेट बांधू नकोस, धातूची कड ती कापते.

स्पिनर ब्लू फॉक्स व्हायब्रॅक्स घे, ३, ४ आणि ५ नंबर. ४ नंबर साधारण १० ग्रॅमचा, तोच जास्त वापरशील. त्याचा तिहेरी गळ काढून १/० नंबरचा एकेरी सायवॉश गळ लाव. त्याचा डोळा उघडा येतो. अडकवून पक्कडीनं दाबला की झालं. एकेरी गरी दगडात कमी अडकते, जबड्यात खोल बसते आणि सोडताना मासा फाटत नाही. उलटा काटाही दाबून टाक, बऱ्याच पाण्यांत तसा नियमच असतो. चमच्यांत लिटल क्लिओ, दोन पंचमांश औंसाचा, म्हणजे साधारण ११ ग्रॅम. भरल्या नदीसाठी एखादा १८-१९ ग्रॅमचाही जवळ असू दे.

आता पाणी. माणूस आरामात चालतो त्या गतीची धार, चार ते सहा फूट खोली, तळाला नारळापासून पाटीएवढे गोटे, अशा जागा हेर. डोहाचा मधला खोल भाग सोडून दे. डोह संपून पाणी उथळ व्हायला लागतं तो उतार, किंवा वेगवान आणि संथ धार जिथे एकमेकींना घासतात ती रेघ, तिथे मासा विसावतो. पाणी गढूळ असेल तर तो काठाला येतो, कधी कधी पायाशी. म्हणून पाण्यात पाय घालायच्या आधी पहिले दोन फेक जवळच टाक. लोक थेट कंबरभर पाण्यात शिरून पलीकडच्या काठावर फेकतात आणि ज्या माशासाठी आलो त्यालाच तुडवून पुढे जातात.

फेकायचं धारेला आडवं, किंचित वरच्या अंगाला. स्पिनर पाण्यात पडला की बेल (रिळावरची दोरी अडवणारी तार) हातानं बंद कर, दोरी ताणून घे आणि त्याला बुडू दे. मग रॉडचं टोक दोरीच्या मागोमाग खाली फिरवत न्यायचं. स्पिनर कमानीत तुझ्या काठाकडे येतो. हँडल जवळजवळ फिरवायचंच नाही, पातं फिरवण्याचं काम पाणी करतं. मनगटाला पात्याची ठकठक लागते. ती मोजता येण्याइतकी संथ हवी. नुसती थरथर झाली तर स्पिनर पळतोय: टोक खाली कर, थोडी दोरी सोड. ठकठक थांबली तर टोक उचल किंवा हँडलचे दोन फेरे दे. फेकल्यावर पातं सुरूच झालं नाही तर एक झटका पुरतो. कमान संपून स्पिनर सरळ तुझ्या खाली आला की चारपाच सेकंद तसाच लटकू दे. मागून आलेला मासा पुष्कळदा तिथेच घेतो, आणि नवखा माणूस नेमका त्याच क्षणी गुंडाळायला लागतो. मग दोन पावलं खाली, पुन्हा फेक. एका जागी दहा फेकांच्या वर राहू नकोस.

सगळ्यात मोठी गोची दोरीच्या पोटाची. मधली धार जोरात असली की दोरीला खाली पोट सुटतं, ते पोट स्पिनरला ओढत नेतं, आणि तो वेगानं वर येऊन माशाच्या डोक्यावरून निघून जातो. वरून सगळं झकास दिसतं, मासा मात्र लागत नाही. उपाय असा, की फेकल्याबरोबर रॉड उचलून दोरी वरच्या अंगाला पलटायची. ते शिकायला दोनतीन फेऱ्या जातील. खोलीची खूण सोपी आहे: तीनचार फेकांत एकदा तळाला टक लागली पाहिजे. कधीच लागत नसेल तर वजन वाढव किंवा जास्त वर फेक. प्रत्येक वेळी अडकत असेल तर हलका घे.

चमचाही असाच फिरवायचा, पण तो गरगरायला नको, डावी-उजवीकडे लचकायला हवा. गरगरला की वेग जास्त झाला. एकाच वजनाचा जाड लहान चमचा पटकन बुडतो, पातळ रुंद चमचा तरंगत जातो. म्हणून खोल जोरदार धारेला जाड, संथ उताराला पातळ. पाणी ४२ फॅरनहाइटच्या खाली असेल तर मी चमचाच सुचवीन, तो फारच हळू चालवता येतो. ४५ ते ५५ मध्ये स्पिनरला मजा येते. उन्हाळ्यात ६८ च्या वर पाणी गेलं तर गरवायचंच नाही. सोडलेला मासाही दमून मरतो.

मासा घेतो तेव्हा पहिल्या टकीला झटका मारू नकोस. तो घेऊन वळतो, दोरी जड होते, तेव्हा रॉड आपल्या काठाच्या बाजूला आडवा ओढ. गरी जबड्याच्या कोपऱ्यात बसते. वर उभा हिसडा दिलास तर गरी तोंडातून निसटते. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, तीन पौंडांच्या आसपास लाव, पहिली धाव त्याला घेऊ दे.

रंग. चारपाच फूट दिसणारं हिरवट पाणी असेल तर चांदीचं पातं. दीडदोन फूटच दिसत असेल तर मोठा नंबर आणि भडक नारिंगी. उन्हाळ्यातल्या नितळ पाण्यात ३ नंबर, तांब्याचा किंवा काळा. पितळी पातं काळवंडलं तर पितांबरीनं घास. बस, एवढंच.

नदी म्हणशील तर हिल्सबरोहून हायवे ६ धरून ओरेगनातली विल्सन नदी तुला सोयीची. पावसात ती झपाट्यानं चढते. चढत्या पाण्यात जाऊ नकोस. उतरायला लागून हिरवी झाली की गाठ. निघण्यापूर्वी यूएसजीएसच्या (अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) पाणी मोजणाऱ्या गेजचा आलेख बघ. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, घातलेस तर कमरेचा पट्टा घट्ट आवळ, पडलास तर तोच पाणी आत शिरू देत नाही.

परवान्याबरोबर कम्बाइन्ड अँगलिंग टॅग, म्हणजे ठेवलेल्या माशाची नोंद करायचं कार्ड, लागतो. मासा लागला की आधी पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागचा, शेपटीजवळचा लहान मांसल पर बघ. तो शाबूत असेल तर मासा जंगली: पाण्यातच धर, हात ओले ठेव, गरी काढून सोडून दे. तो छाटलेला असून जखम भरलेली असेल तर हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला. तिथे ठेवायची मुभा असेल तर टॅगवर लगेच नोंद कर आणि कल्ले कापून रक्त काढ. मग तिरफळं घालून आमटी कर, की भाजून खा. त्या हद्दीचा नियम मात्र दर वेळी वाचून जा, मधूनच बदलतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल

ता. क. गरीचं टोक नखावर टेकवून सरकवून बघ. नख न पकडता घसरलं तर कानस मार. दगडाला एकदा घासली तरी ती बोथट होते, आणि मासा लागून सुटण्याचं निम्मं कारण तेच असतं.