बेटं बुडाली तरी समुद्र त्यांचाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पॅसिफिकमधल्या बेटांची बातमी आपल्याकडे येते ती ‘बुडणारी बेटं’ म्हणून. वाचताना हळहळ वाटते आणि पान उलटलं जातं. पण याच चिमुकल्या देशांनी आंतरराष्ट्रीय कायद्यात जी भर घातली आहे, तिची चर्चा होत नाही, याची खंत वाटते.

२०१९ मध्ये वानुआतू या बेटदेशात शिकणाऱ्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी हवामान बदलाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यायचं मनावर घेतलं. वानुआतूच्या सरकारने तो उचलून धरला, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमुखाने मत दिलं: हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती मोडणाऱ्याला नुकसानभरपाईही द्यावी लागू शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, बंधनकारक नाही. तरी वकील मंडळी ते जगभरच्या कोर्टांत वापरणारच.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आधाररेषेचा मुद्दा. देशाची सागरी हद्द सर्वसाधारणपणे किनाऱ्यावरच्या ओहोटीच्या रेषेपासून मोजतात; हीच आधाररेषा. समुद्र आत शिरला की रेषा मागे येणार आणि हद्दही आकसणार, असं धरलं तर किरिबाटीसारख्या बेटदेशाने काय करायचं? त्यांची जमीन जेमतेम ८११ चौरस किलोमीटर, समुद्र सुमारे ३५ लाख, आणि परदेशी बोटींना दिलेले ट्यूना मासे पकडण्याचे परवाने हाच सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार. ऑगस्ट २०२१ मध्ये पॅसिफिक बेटांच्या मंचाने, म्हणजे या देशांच्या संघटनेने, जाहीर केलं, की आमच्या ठरलेल्या हद्दी पाणी चढलं तरी कमी होणार नाहीत. चार वर्षांनी न्यायालयानेही सांगितलं, की रेषा नव्याने आखण्याचं बंधन या देशांवर नाही.

सुनावणीत भारताने श्रीमंत देशांची ऐतिहासिक जबाबदारी ठामपणे मांडली, ते योग्यच झालं. पण हवामान करारांपलीकडे नवी बंधनं नकोत, हे म्हणणं मला पटलं नाही, आणि केवळ करारांपुरतं थांबायला न्यायालयही तयार झालं नाही. उधाणात माड मुळासकट समुद्रात जाताना आम्ही कोकणात पाहतो. किनाऱ्यावरच्या माणसांचा देश म्हणून आपण बेटांच्या बाजूने उभं राहायला हवं होतं.

या मताचा सारांश सोप्या मराठीत आपण छापावा, ही कळकळीची विनंती. मच्छीमार सोसायट्यांच्या फलकावर तो नक्की लावला जाईल.

– एक वाचक, मालवण